स्वयंचलित गिअरपेटीची पुनर्बांधणी

करकंब येथील एका बागाईतदाराच्या वाड्यांत आजोबांच्या वेळची ओल्ड्समोबिल मोटार कित्येक वर्षें धूळ खात उभी होती. इंजिन सुरू होई, पण गाडी जागची हलेना. "पेटी काढून टाका व ट्रकची बसवा," असा सल्ला बहुतेकांनीं दिला. जुन्या अमेरिकन गाड्यांची गत पुष्कळदां अशीच होते. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून १९५४ पर्यंत होता, तरी स्वयंचलित पेटी उघडणारे हात आपल्याकडे थोडेच. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें, जो आज मिस्त्री आहे, तीच पेटी पुन्हां बांधण्याचें मनावर घेतलें. आणि सुटींत त्याच्याजवळ बसून आम्हीं जें पाहिलें तें वाचकांस सांगतों.

या पेटीचें नांव हायड्रामॅटिक. ती प्रथम १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसविली गेली. क्लचचें पायदान हिला नाहीं. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल आहे, एवढाच भेद.

त्यापुढें दंतचक्रांचे दोन संच. प्रत्येकांत मध्यें सूर्यचक्र, त्याभोंवतीं लहान ग्रहचक्रें व बाहेर आंतून दांते असलेलें कडें. पट्टा आवळला कीं एक चक्र स्थिर होऊन गति घटते व जोर वाढतो; पट्टा सोडून क्लचच्या चकत्या दाबल्या कीं सबंध संच एकजीव फिरतो. पुढील संच गति १.४५ पट घटवितो, मागील २.६३ पट. दोन्ही पट्टे आवळले म्हणजे पहिला गिअर. गुणाकार मुलांनींच करून पाहावा. दुसऱ्यांत केवळ मागील संच गति घटवितो, तिसऱ्यांत केवळ पुढील, चौथ्यांत कोणताच नाहीं.

खरी मेख दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातांना आहे. तेव्हां दोन्ही संचांस एकाच क्षणीं कामांची अदलाबदल करावी लागते. हें सर्व तेलाच्या दाबानें घडतें. सीलें कडक झालीं, कड्या झिजल्या, कीं दाब गळतो आणि एक संच उशिरां धरतो.

मिस्त्रीनें प्रत्येक भाग सुटा करून, खूण घालून, परातींत क्रमानें मांडला. जळक्या चकत्या व सीलें परदेशांतून मागविलीं. झडपांचा भाग उघडतांना तर तो श्वासही जपून घेई. तेथील वाटा फार अरुंद.

तरीही पहिल्याच फेरींत तिसऱ्यावर जातांना इंजिन मोकळें धांवलें आणि असा हिसका बसला कीं आमचा चष्मा पडला. तळचें झांकण पुन्हां उतरविलें. एका झडपेंत सुताचा तंतु अडकला होता. भाग पुसावयास फडकें आम्हींच दिलें होतें! धुतलेले भाग हवेनें वाळवावे, फडक्यानें पुसूं नयेत, हें आम्हांस तेव्हां कळलें.

आतां ती मोटार टेंभुर्णीच्या रस्त्यावर चारी गिअर आपोआप बदलते. मागें जाण्याचा गिअर मात्र थंडीच्या सकाळीं उशिरां धरतो. तेवढें काम पुढील सुटींत.