चार अँपिअर, पण किती वेळासाठी?

विजेवरची स्कूटर मूठ पिळताच मुकाट्याने सरकते, तेव्हा तिच्या कंट्रोलरमधले मॉस्फेट नावाचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करत असतात. त्यांना हुकूम देणारी चिप म्हणजे गेट ड्रायव्हर. तिच्या माहितीपत्रकावर ठळक छापलेले असते : कमाल प्रवाह ४ अँपिअर. नखाएवढ्या चिपमधून ४ अँपिअर? आकडा खोटा नसतो. पण पहिले पान जाहिरातीचेच समजावे. खरी गोष्ट आतल्या तक्त्यात, बारीक अक्षरांत असते.

मॉस्फेट १९५९ साली बेल प्रयोगशाळेत अटाला आणि कांग यांनी घडवला. जुन्या ट्रान्झिस्टरला चालू राहण्यासाठी सतत प्रवाह पाजावा लागे. मॉस्फेटच्या गेटखाली मात्र विद्युतरोधक पापुद्रा असतो, म्हणून गेट हा एक छोटा हंडाच. भरेपर्यंत प्रवाह, भरल्यावर जवळजवळ शून्य. समजा, त्यात १०० नॅनोकूलोम भार मावतो. तो ५० नॅनोसेकंदांत भरायचा तर २ अँपिअर लागतात. सेकंदाला २०,००० वेळा भरला, तरी सरासरी प्रवाह अवघा २ मिलिअँपिअर! आयआर २११० या जुन्याजाणत्या चिपचा २ अँपिअरचा आकडाही जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंदांच्या झटक्यापुरता आहे, तोही आउटपुट शॉर्ट करून मोजलेला.

प्रत्यक्षात मर्यादा बहुधा चिप घालत नाही, गेटच्या वाटेवरचा रोधक घालतो. १२ व्होल्ट आणि १० ओहम, म्हणजे फार तर १.२ अँपिअर. त्यातही स्विच उलटण्याच्या ऐन क्षणी गेट ५ व्होल्टच्या आसपास रेंगाळले, तर उरतात ०.७ अँपिअर. अशा जागी २ अँपिअरची चिप काढून ४ ची बसवणे म्हणजे नळ तोच ठेवून टाकी मोठी करणे.

मग रोधकच कमी करावा? हंडा सावकाश भरला तर स्विच अर्धवट उघडा राहून तापतो, हे खरे. पण फार घाई केली तर व्होल्टेज इतके झपाट्याने बदलते की जोडीचा, बंद असलेला स्विच त्या हिसक्याने क्षणभर उघडतो. दोन्ही उघडे म्हणजे बॅटरी थेट शॉर्ट. काही रुपयांच्या रोधकापायी सगळा कंट्रोलर जातो. म्हणून अनेक मंडलांत दोन वाटा असतात : भरायला मोठा रोधक आणि रिकामे करायला, डायोडमधून, त्याहून लहान.