धिरयो : रिंगणातील बैलाची बाजू

भाताची कापणी होऊन शेते मोकळी झाली, अथवा गावचे फेस्त जवळ आले, की सासष्टी व तिसवाडी तालुक्यांतील कित्येक गावांत पूर्वी एकच चर्चा चाले : यंदा कोणाचा बैल कोणाच्या बैलाशी लावायचा? बैलांची ही झुंज म्हणजेच गोव्यातील ‘धिरयो’. पोर्तुगालमधील बैलयुद्धाशी तिचे नाते पुष्कळदा जोडले जाते. परंतु तेथे बैलासमोर माणूस उभा राहतो. येथे बैलासमोर बैल उभा करण्यात येतो आणि माणूस सुरक्षित अंतरावरून, निदान तशी समजूत करून घेऊन, मौज पाहतो. जो बैल पाठ फिरवून पळ काढील तो हरला, एवढाच या खेळाचा नियम.

धिरयोचे समर्थक नेहमी सांगतात की, झुंजणे हा बैलाचा स्वभावच आहे. माणूस त्याला केवळ संधी देतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कळपात दोन वळू समोरासमोर येतात तेव्हा ते मान खाली घालतात, खुरांनी माती उकरतात, डुरकतात, अंगाची बाजू वळवून आपला आकार एकमेकांस दाखवितात. पुष्कळ वेळा प्रकरण तेथेच मिटते. टक्कर झालीच तरी दुबळा वळू लवकर बाजूस होतो आणि त्याला निघून जाण्यास मोकळे रान असते. रिंगणात नेमके हेच रान हिरावून घेतलेले असते. सभोवार माणसांचा कोट, आरडाओरड, मागून काठीची ढोसणी, आणि थकून बाजूस झालेल्या जनावरास पुन्हा पुढे लोटण्याची घाई. निसर्गाने जो संघर्ष थोडक्यात संपावा अशी सोय केली आहे, तो माणूस पैजेसाठी लांबवितो.

झुंजीच्या बैलावर मालकाची माया नसते असे मात्र म्हणता येणार नाही. घरातील मुलापेक्षा अधिक खुराक बैलाला देणारे मालक गावोगाव आढळतात. परंतु हाच मालक शिंगांना धार काढतो, ती दुसऱ्याच्या बैलाच्या पोटात शिरावीत म्हणून. मौजेची गोष्ट अशी की, दुसऱ्या बैलाचा मालकही तितक्याच मायेने त्याच दिवशी तेच करीत असतो.

या खेळात माणसेही सुटत नाहीत. हरलेला बैल पळतो तो वाट फुटेल तिकडे, म्हणजे बहुधा प्रेक्षकांतच. सप्टेंबर १९९६ मध्ये सासष्टीतील बाणावली येथे झालेल्या धिरयोत एका इसमास बैलाने शिंगावर घेतले व त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर प्राणिप्रेमी कार्यकर्त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने डिसेंबर १९९६ मध्ये राज्यातील धिरयो व अन्य प्राण्यांच्या झुंजी बंद करण्यासाठी पावले उचलण्याचा आदेश शासनास दिला. तथापि भल्या पहाटे, आडबाजूच्या शेतात, दूरध्वनीवरून निरोप धाडून झुंजी लावण्याचे प्रकार त्यानंतरही घडत राहिले.

न्यायालयाने हा आदेश कोणत्याही नव्या कायद्याने दिलेला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० पासून आहे. त्याच्या कलम ११ अन्वये करमणुकीसाठी एका प्राण्यास दुसऱ्याशी झुंजण्यास चिथावणे हा गुन्हा आहे. पण ग्रामस्थांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग त्यापुढील आहे. झुंजीसाठी जागा चालविणारा, आपली जागा त्यासाठी देणारा आणि प्रवेशाचे पैसे घेणारा हे सर्व त्याच कलमाखाली दोषी ठरतात, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे शेत ज्याचे, तो ‘मी फक्त जागा दिली’ असे म्हणून मोकळा होऊ शकत नाही.

पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र १० ते ५० रुपयांचा! १९६० च्या अधिनियमातील ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, आणि हजारोंची पैज लावणारा ती हसत भरील. म्हणूनच कलम २९ ध्यानात ठेवणे आवश्यक आहे : मालक दोषी ठरल्यास ते जनावर शासनजमा करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. शिवाय जनावरास ठार वा जायबंदी करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. या अधिनियमाखालील खटला गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. त्यामुळे तक्रार ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवण्यात अर्थ नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये तामिळनाडूतील जल्लीकट्टू, कर्नाटकातील कंबळा व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत यांविषयीचे राज्यांचे कायदे वैध ठरविले. तेव्हापासून ‘मग धिरयोच का नको?’ असा प्रश्न विचारला जातो. ते कायदे जनावरास आवरण्याच्या अथवा पळविण्याच्या खेळांपुरते आहेत. एका जनावरास दुसऱ्यावर घालण्याची मुभा त्यांत नाही.

परंपरेचा मुद्दा उरतो. बडोद्यास खंडेराव महाराजांच्या काळात हत्तींच्या झुंजी दरबारी थाटात होत व परदेशी प्रवासी त्यांची वर्णने लिहून ठेवीत. त्या झुंजी बंद पडल्या. बडोद्याचा लौकिक त्यामुळे उणा झाला नाही. बेळगाव भागात एडक्यांच्या टकरी, अन्यत्र पायाला पाते बांधून लावलेल्या कोंबड्यांच्या झुंजी, यांनाही कायदा तोच आहे.

बंदीचा एक अनिष्ट परिणाम मात्र पशुवैद्यांना आणि शिक्षकांना ठाऊक असावा. पकडले जाण्याच्या भीतीने जखमी बैल गोठ्यात लपविला जातो व हळदीवर भागविले जाते. शिंगाची जखम वरून बोटभर दिसते, पण आत ती खोल गेलेली असते. मातीने ती दूषित होते, धनुर्वात होऊ शकतो, आतडे फाटले असल्यास पोटात पू होतो. अशा गोठ्याची माहिती पुष्कळदा प्रथम शाळेतल्या मुलांनाच असते. बैल खात नाही, रवंथ करीत नाही, कुशीवर सूज आली आहे, असे कोणाकडून कळल्यास दोष कोणाचा हे नंतर ठरवावे; जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. झुंज चालू असेल किंवा लावली जाणार असेल तर नजीकच्या पोलीस ठाण्यास अथवा ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी.