घातांकाचं अक्षर किती बारीक?

एक्सच्या डोक्यावर वाय, वायच्या डोक्यावर झेड. डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, १० पॉइंटांच्या मजकुरात, ही अक्षरं १०, ७ आणि ५ पॉइंटांची येतात. त्यावर चौथं चढवलंत तरी तेही ५चंच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची एवढी तरी कदर!

खरी गंमत पुढेच. टेकच्या ‘कम्प्युटर मॉडर्न’ या फाँटमधलं ५ पॉइंटांचं अक्षर म्हणजे मोठ्याचं आकसलेलं रूप नव्हे. ते वेगळं आखलंय: प्रमाणात जास्त रुंद, रेषा जाड. म्हणून एखादंच अक्षर लहान करायचं तर ‘स्केलबॉक्स’च्या आज्ञेने दाबू नका, रेषा मरतुकड्या दिसतात. महिरपी कंसात अक्षराआधी ‘स्क्रिप्टस्टाइल’ची आज्ञा द्या.

रामानुजनांच्यासारखे छेदात छेद उतरत जाणारे अपूर्णांक मांडताना मात्र अक्षरं बारीक होऊ नयेत म्हणून प्रत्येक पायरीला ‘डिस्प्लेस्टाइल’ची आज्ञा हवी. टेकवर उभारलेल्या ‘लाटेक’च्या ‘एएमएसमॅथ’ या पॅकेजमध्ये त्यासाठी ‘सीफ्रॅक’ तयारच आहे.