गुगलवर दिसलेला पहिलाच नंबर लावताय? थांबा, आधी नेमकं शोधायला शिका

यूपीआयवरून पैसे कापले गेले, पण दुकानदाराला मिळालेच नाहीत. अशा वेळी आपण काय करतो? घाईघाईत गुगलवर बँकेचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकतो आणि सर्वात वर दिसेल तो नंबर लावतो. हीच घाई भामट्यांच्या पथ्यावर पडते. ते बनावट वेबसाइट, जाहिराती आणि नकाशावरच्या नोंदींमध्ये स्वतःचे नंबर पेरून ठेवतात. समोरचा गोड बोलतो, मोबाइलची स्क्रीन दाखवणारं एखादं ॲप घ्यायला लावतो आणि काही मिनिटांत खातं रिकामं होतं.

सर्च इंजिन तुमच्या शब्दांशी जुळणारी पानं दाखवतं. त्या पानावरचा नंबर खरा आहे की खोटा, याची हमी ते देत नाही. म्हणूनच काय शोधायचं याइतकंच कुठे आणि कसं शोधायचं हेही महत्त्वाचं आहे.

उत्तरातले शब्द टाका

आपण मनातला प्रश्न जसाच्या तसा टाइप करतो. पण हवी असलेली माहिती ज्या पानावर आहे, तिथे कोणते शब्द असतील याचा आधी विचार करा. आपण ‘जीआर’ म्हणतो, कागदावर ‘शासन निर्णय’ असं छापलेलं असतं. आपण ‘आरटीई’ म्हणतो, कायद्यात ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असे शब्द आहेत. ‘आरटीई नवीन नियम’ऐवजी ‘शासन निर्णय २५ टक्के प्रवेश’ असं शोधलं, तर मूळ कागद सापडण्याची शक्यता वाढते.

चार सोप्या युक्त्या

१. अवतरण चिन्ह : शब्द दुहेरी अवतरण चिन्हात टाकले, की ते त्याच क्रमाने असलेली पानं शोधली जातात. योजनेचं पूर्ण नाव किंवा एखादं वाक्य शोधताना हे उपयोगी पडतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमधलं एखादं वाक्य असं शोधून पाहा. अफवा जुनी असेल तर बऱ्याचदा तिथेच उघडी पडते.

२. वजा चिन्ह : नको असलेल्या शब्दाला चिकटून आधी वजा चिन्ह द्या. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. त्याच्या बातम्या नको असतील तर ‘औरंगाबाद -बिहार’ असं टाका. वजा चिन्हाच्या आधी जागा सोडा, नंतर सोडू नका.

३. हे किंवा ते : उस्मानाबादचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. जुने कागद जुन्या नावाने, नवे नव्या नावाने. दोन्ही हवे असतील तर दोन नावांच्या मध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘ओआर’ लिहा.

४. ठरावीक वेबसाइट : ही सर्वात कामाची युक्ती. तुमच्या शब्दांनंतर जागा सोडून इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’ टाइप करा. मग फक्त सरकारी पत्त्यांवरची पानं दिसतील. सातबारा, शिष्यवृत्ती, भरती किंवा कोणत्याही योजनेचा अर्ज शोधताना आधी हेच करा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारच्या महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी भलत्याच वेबसाइटवर जास्त पैसे मोजायची गरज नाही.

माहिती जुनी वाटली, तर सर्चच्या पर्यायांमध्ये जाऊन मागचा महिना किंवा मागचं वर्ष निवडा. योजनांच्या अर्जाची मुदत पाहताना ही काळजी हवीच.

क्लिक करण्याआधी पत्ता वाचा

सर्वात वरच्या निकालावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असेल, तर ती पैसे देऊन केलेली जाहिरात आहे. वरचा एआय सारांशही इतर पानांवरूनच तयार होतो, त्यामुळे त्यातला नंबर तपासल्याशिवाय लावू नका. वेबसाइटच्या पत्त्यात कुठेतरी ‘जीओव्ही’ दिसणं पुरेसं नाही. पहिल्या तिरप्या रेघेआधी पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो का, ते पाहा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता आणला असून, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्याची मुदत बँकांना दिली होती. बँकेचं पान उघडताना हा शेवट तपासा.

काही वेळा न शोधणंच उत्तम

बँकेचा नंबर गुगलवर शोधायची गरज बहुतेक वेळा नसतेच. तो डेबिट कार्डच्या मागे, पासबुकवर आणि बँकेच्या अधिकृत ॲपमध्ये असतो. आजच तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाइलमध्येही करून द्या.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजू नका आणि वेळ घालवू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे पुढे जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता जास्त.