पानी की पाणी?

स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागला, की बाहेरचं जग बंद होतं. समोर माइक, हाताखाली फेडर, पुढ्यात क्यू शीट. आत आपण एकट्या आणि पलीकडे जिल्हाभरातली स्वयंपाकघरं, पानटपऱ्या, शेतातल्या खोपी. या कामाचं कौतुक खूप होतं. ‘अय्या, रेडिओवर बोलणाऱ्या त्या तुम्हीच का?’ असं भाजीवालीनं विचारलं की मूठभर मांस चढतं. पण लाल दिवा विझल्यावर ड्युटी रूममध्ये जे ऐकावं लागतं, त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. आज तेच सांगायचंय.

२००१ साली आमच्या जिल्ह्याच्या गावी आकाशवाणी केंद्रावर मी नैमित्तिक उद्घोषिका म्हणून लागले. लेखी परीक्षा झाली, आवाजाची चाचणी झाली. नैमित्तिक म्हणजे कायम नोकरी नव्हे. महिन्यातून जास्तीत जास्त सहा ड्युट्या आणि त्याचं मानधन. तरीही ड्युटीचं पत्र घरी आलं तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती.

माझं माहेर खेड्यातलं. आमच्याकडे सगळे ‘आनि’, ‘पानी’, ‘लोनी’ असंच बोलतात. परीक्षेच्या वेळी जपून वाचलं, म्हणून निभावलं. रोजच्या बोलण्यात मात्र जीभ तिच्या वळणावर जायचीच. तिसऱ्याच ड्युटीला सकाळची सभा संपवून मी बाहेर आले, तर एक सहकारी चहाचा कप हातात धरून म्हणाले, “मॅडम, दमलात ना? काय देऊ, पानी की पाणी?” सगळे हसले. मीही हसले. काय करणार? पण बसस्टँडवर पोचेपर्यंत डोळे भरून आले होते.

छोटं केंद्र, मोठे कान

मोठ्या शहरात श्रोत्यांना निवेदिकेचं नाव ठाऊक असतं, चेहरा नसतो. छोट्या गावात तुम्ही कुणाची सून, कुठे राहता, सगळं ठाऊक असतं. केंद्रही छोटं. मोजकीच माणसं, एकच ड्युटी रूम. कार्यक्रम अधिकारी, इंजिनिअर, उद्घोषक सगळे एकमेकांचं प्रक्षेपण ऐकतात. शिवाय आकाशवाणीत चूक कागदावर उतरते. गाणं अडकलं, कार्यक्रम अर्धा मिनिट उशिरा सुरू झाला, नाव चुकीचं उच्चारलं, सगळ्याची नोंद लॉगबुकात होते. आदल्या दिवशीच्या प्रसारणावर दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत चर्चा होते. म्हणजे टीका ऐकणं हा या कामाचाच एक भाग आहे.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक शेरा मला माझ्यावरचाच वाटायचा. त्या आठवड्यात मी घरी सांगून टाकलं, “मला नाही जमायचं, मी सोडते.”

सोडण्याचं पत्र घेऊन गेले, तर आमच्या केंद्रावरच्या एक ज्येष्ठ उद्घोषिका भेटल्या. आम्ही त्यांना नुसतं ‘ताई’ म्हणायचो. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, “अगं, तो हसला ते वाईटच. पण तू ‘पानी’ म्हणालीस की नाही, ते आधी ठरव. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या. एकीचा राग दुसरीवर काढू नकोस.”

टेपवर ऐकलेला आपला आवाज

ताईंनी दिलेला पहिला सल्ला असा : आपलं निवेदन कॅसेटवर घ्यायचं आणि दोन दिवसांनी ऐकायचं. लगेच ऐकलं की आपण स्वतःची बाजू घेतो. मी ऐकलं आणि कानकोंडी झाले. बातमीपत्राची उद्घोषणा करतानाही ‘आनि’ होतं. त्याहून वाईट म्हणजे वाक्याचा शेवट मी गिळत होते. ते कुणीच सांगितलं नव्हतं, मलाच ऐकू आलं.

मग सुरू झाली मेहनत. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि ‘ण’ म्हणायचा. कणीक मळताना ‘दाणा, वेणी, लोणी, पाहुणा’. मुलं आधी हसायची, मग तीच चुका काढायला लागली. रोज रात्री वर्तमानपत्रातला एक अग्रलेख मोठ्यानं वाचायचा. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीनं तिरकी रेघ मारायची. चार महिने लागले.

पण दुसरी एक टीका होती, ती मी मानली नाही. फोनवर श्रोत्यांशी गप्पा मारताना कुणी आजी ‘कसं हाय बाई?’ म्हणाल्या, तर मीही ‘बरं हाय आजी, तुमचं कसं चाललंय?’ म्हणायचे. त्यावर शेरा आला, ‘गावठी बोलून केंद्राचा दर्जा घसरतो.’ मी ताईंना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, “ही तक्रार श्रोत्याच्या वतीनं आहे, की बोलणाऱ्याच्या वतीनं?”

तेव्हापासून हीच माझी फूटपट्टी झाली. उद्घोषणा सगळ्या जिल्ह्याला कळायला हवी, म्हणून तिथे प्रमाण उच्चार हवेत. आजींशी बोलताना मात्र त्यांना परकं वाटू नये, हे महत्त्वाचं. पहिली टीका श्रोत्यांसाठी होती, मी घेतली. दुसरी सोडून दिली. भांडले नाही, फक्त बदलले नाही.

पुढे सरकारनं २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची परवानगी दिली. २००८ साली माचनूर इथं दलित महिलांनी चालवलेला संघम रेडिओ सुरू झाला. हे गाव आता तेलंगणात आहे. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. अशा केंद्रांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर पोचतो, पण त्या टापूतल्या बाया आपल्याच बोलीत बोलतात आणि ऐकतात. जिला ‘गावठी’ म्हणून हिणवलं, ती बोली तिथे रेडिओची ताकद ठरली. हे पाहून मला किती बरं वाटलं, काय सांगू!

लॉगबुकातली ती ओळ

आता माझी खरी चूक सांगते. एकदा संध्याकाळच्या सभेत मी बाजारभाव वाचले. टेबलावर दोन कागद होते. घाईत आदल्या दिवशीचा उचलला. ‘पानी की पाणी’ विचारणारे तेच सहकारी ड्युटीवर होते. ते धावत काचेपाशी आले, खूण केली. एक गाणं लावून मी नवे भाव वाचले, दिलगिरी व्यक्त केली. मला वाटलं, मिटलं. पण त्यांनी लॉगबुकात लिहिलं, ‘बाजारभाव आदल्या दिवशीचे वाचले गेले. नंतर दुरुस्ती केली.’ खाली सही.

दुसऱ्या दिवशी मला खुलासा द्यावा लागला. माझा संताप संताप झाला. दुरुस्ती केली होती ना? मग लिहायची काय गरज? जुना डूख काढला, दुसरं काय! पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग एका लग्नात माहेरचे एक काका भेटले. सहज म्हणाले, “पोरी, त्या दिवशी तुझा भाव ऐकून रेडिओ बंद केला आणि रातोरात टेम्पो ठरवला. बाजारात गेलो तर कांदा उतरलेला. भाडंसुद्धा अंगावर आलं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. मी दुरुस्ती केली तेव्हा काकांचा रेडिओ बंद होता.

सोमवारी मी त्या सहकाऱ्यांकडे गेले आणि म्हटलं, “तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं.” ते गडबडले. मग म्हणाले, “त्या दिवशी पाण्यावरून हसलो, ते मात्र बरोबर नव्हतं.” दोघांनी चहा घेतला. त्या दिवसापासून बाजारभावाच्या कागदावर ठळक तारीख लिहायची आणि वाचण्याआधी ती दुसऱ्या माणसाला दाखवायची, अशी पद्धत आम्ही पाडली. ती ओळ लिहिली गेली नसती, तर ही पद्धतही पडली नसती.

आता आपण त्या बाजूला

वाटलं होतं, मी सगळं शिकले. पण नाही. गेल्या वर्षी एक नवी मुलगी रुजू झाली. आवाज गोड, पण वाचन म्हणजे एक्स्प्रेस गाडी. कुणीतरी तिच्या निवेदनाचा तुकडा उद्घोषकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात एक चेहरा माझाही होता.

पुढच्या ड्युटीला ती आली नाही. मी फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “ताई, तुम्हीपण हसलात.”

मैत्रिणींनो, तेवीस-चोवीस वर्षांपूर्वीचा बसस्टँड डोळ्यांसमोर उभा राहिला. मी सबब सांगितली नाही. “चुकलं माझं,” म्हटलं आणि ग्रुपवरही तेच लिहिलं. मग तिला म्हटलं, “पण तू भरभर वाचतेस, हेही खरंय. उद्या लवकर ये. पेन्सिल आण.”

ती आली. आम्ही दोघींनी तिच्या कागदावर श्वासाच्या तिरक्या रेघा मारल्या.

आपण शाळेत शिकवत असू, अंगणवाडीत असू की बचत गटाचा हिशेब ठेवत असू, सोबतच्या माणसांचं बोलणं ऐकावं लागतंच. कधी ते आपल्याच भल्याचं असतं, कधी नुसती टवाळी असते. पुष्कळदा एकाच वाक्यात दोन्ही मिसळलेलं असतं. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, तांदूळ फेकून देत नाही. तेवढंच करायचं. आणि दुसरीच्या ताटात वाढताना खडे आपणच काढून ठेवायचे.

माझं ते राजीनाम्याचं पत्र ताईंनी मला कधीच परत दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाल्या, “कुठलं पत्र गं? जा, दिवा लागलाय.”