मातृवय आणि वंध्यत्वोपचार

वंध्यत्वावरील उपचारांना, विशेषतः शरीरबाह्य फलनाला (रूढ भाषेत ‘टेस्ट ट्यूब बेबी’ पद्धतीला), येणारे यश ज्या घटकांवर अवलंबून असते त्यांत स्त्रीचे वय हा प्रमुख घटक होय. पुरुषात शुक्राणू सतत नव्याने तयार होतात. स्त्रीची अंडी मात्र ती स्वतः मातेच्या उदरात असतानाच तयार झालेली असतात. गर्भाच्या विसाव्या आठवड्यात ती सु. ६०–७० लाख असतात. जन्मसमयी १०–२० लाख, यौवनारंभी ३–४ लाख व ऋतुनिवृत्तीच्या सुमारास जेमतेम हजारभर उरतात.

संख्येपेक्षा गुणवत्तेचा ऱ्हास अधिक निर्णायक ठरतो. अंड्याचे न्यूनीकरण विभाजन जन्मापूर्वी सुरू होऊन मध्येच थांबते आणि अंडमोचनाच्या वेळी पुढे सरकते. या दीर्घ काळात गुणसूत्रे एकत्र धरून ठेवणारी प्रथिने क्षीण होतात व गुणसूत्रांची वाटणी चुकते. असा भ्रूण बहुधा रुजत नाही किंवा गर्भपात होतो, क्वचित डाऊन लक्षणसमूह असलेले मूल जन्मते (मातेच्या २५ व्या वर्षी सु. १,२५० जन्मांत एक, ४० व्या वर्षी सु. १०० जन्मांत एक). औषधांनी एका ऋतुचक्रात अधिक अंडी मिळविता येतात, त्यांचे वय कमी करता येत नाही. ब्रिटनमधील अधिकृत नोंदींनुसार स्वतःच्या अंड्यांपासून बनलेल्या एका भ्रूणाच्या रोपणामागे जिवंत जन्माचे प्रमाण ३५ वर्षांखाली सु. एक-तृतीयांश, तर ४३ नंतर सु. शेकडा ५ आहे. तरुण दात्रीचे अंडे वापरल्यास मात्र यश दात्रीच्या वयानुसार येते. गर्भाशय त्या मानाने कमी थकते.

महाराष्ट्रात हे तंत्र मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हस्ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी झालेल्या जन्माने प्रस्थापित झाले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० व अंडदात्रीचे २३ ते ३५ वर्षे ठरविले आहे.

नांदेड शहर असो वा किनवट तालुक्यातील इस्लापूरसारखे गाव, चौकशी होते ती बहुधा ‘लग्नाला किती वर्षे झाली’ याची. वस्तुतः अठराव्या वर्षी विवाह होऊन दहा वर्षे अपत्य नसलेल्या स्त्रीच्या हाती, बत्तिसाव्या वर्षी विवाह झालेल्या व दोनच वर्षे वाट पाहिलेल्या स्त्रीपेक्षा, अधिक अवधी असतो. म्हणून ३५ वर्षांखालील स्त्रीने एक वर्षाच्या, त्यापुढील स्त्रीने सहा महिन्यांच्या प्रयत्नानंतर आणि चाळिशीनंतर विनाविलंब तपासणी करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. पतीची वीर्यतपासणी त्याच वेळी व्हावयास हवी. ती टाळण्यात जाणारा काळही पत्नीच्याच वयातून वजा होतो.