इंटरनेट कुठे महाग, कुठे स्वस्त

इंटरनेट उपग्रहांवरून येते, मग ते जगभर एकाच दराने का मिळू नये, असा प्रश्न अनेकांना पडतो. प्रश्नाचा पायाच चुकीचा आहे. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या ऑप्टिकल फायबर केबलमधून होते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबल येऊन पोचतात. अंदमानची भिस्त मात्र २०२० पर्यंत उपग्रहावरच होती, आणि उपग्रहाची क्षमता तुटपुंजी, भाडे भारी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअर व इतर बेटांपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. तिचा सुमारे १,२२४ कोटींचा खर्च बेटांवरच्या मोजक्या ग्राहकांच्या बिलांतून कधीच निघाला नसता. तो सरकारच्या सार्वत्रिक सेवा निधीतून झाला. हा निधी देशभरच्या दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून जमतो. चाड, मलावी यांसारख्या देशांना तर समुद्रकिनाराच नाही. त्यांची फायबर शेजाऱ्यांच्या जमिनीवरून येते आणि वाटेतले शुल्क दरात चढते.

केबल आली की दर आपोआप उतरतात, हेही खरे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अनेक केबल असूनही २०१६ मध्ये तिथल्या ग्राहकांना ‘डेटा मस्ट फॉल’ ही मोहीम चालवावी लागली. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने व्होडाकॉम आणि एमटीएन या दोन बड्या कंपन्यांचे दर अवाजवी ठरवले. त्याहून गंभीर बाब अशी की, छोट्या पॅकमध्ये दर एमबीमागे कितीतरी जास्त पैसे पडत होते. एकदम मोठा पॅक घेण्याची ऐपत नसलेला गरीबच जास्त मोजत होता. पुढे एप्रिल २०२० मध्ये व्होडाकॉमचा महिनाभराचा १ जीबीचा पॅक १४९ रँडवरून ९९ रँडवर आला. केबल त्याच होत्या, बदलला तो नियामकाचा दबाव. भारतात हेच काम स्पर्धेने केले: सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यावर १ जीबीचा दर अडीचशे रुपयांच्या आसपासहून काही वर्षांतच दहा-बारा रुपयांवर आला.

डॉलरमधला कमी दर म्हणजे परवडणारा दर, हा समजही तपासून घ्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने दर उत्पन्नाशी ताडून पाहिला: प्राथमिक ब्रॉडबँड सेवेचा महिन्याचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून कमी असावा, असे २०२५ साठीचे उद्दिष्ट त्याने ठेवले. हे प्रमाणही सरासरी उत्पन्नावर काढलेले असते. सरासरीच्या बरेच खाली कमावणाऱ्या कुटुंबाला तोच पॅक कितीतरी जड जातो.